लिस्बन शहर व पश्चिम समुद्राचा कांठ

युरोपखंडाच्या नैर्ऋत्य टोंकास, स्पेनला लागून, पोर्तुगाल म्हणून जो एक चिंचोळा देश आहे, त्याची लिस्बन ही राजधानी होय. तेजो नांवाची नदी स्पेनमधील डोंगरांत उगम पावून सुमारें १००० किलोमीटर वाहत येते आणि अटलांटिक महासागरास मिळण्यापूर्वीं एखाद्या सरोवराप्रमाणें विस्तीर्ण पसरते. पुढें तिचें पात्र पुन्हां अरुंद होतें, व मग ती समुद्रांत शिरते. या नदीच्या उत्तर तीरावर, लहानमोठ्या टेकड्यांच्या अंगाखांद्यांवर हें शहर वसलें आहे. महाराष्ट्रीय वाचकांस तें नांवानें तरी अपरिचित नाहीं. गोवें, चौल, वसई, दमण, दीव या ठिकाणांचे हुकूम ज्या राजवाड्यांतून सुटत असत, तो राजवाडा याच नदीच्या कांठीं होता. आपल्या बखरींत ज्यांस 'फिरंगी' म्हटलें आहे, त्यांचें हें मूळचें घर.

गेल्या वैशाखांत आम्हां उभयतांस या शहरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. पाहण्यासारखीं शहरें जगांत पुष्कळ आहेत. पण लिस्बनची ओढ आमच्या घरांत दोघांस दोन कारणांनीं होती. आमच्या सौभाग्यवतींचें माहेर गोव्याचें असून त्यांच्या माहेरचें कुलदैवत श्रीमंगेश. या देवाचें मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचें कुठ्ठाळी. इ. स. १५६० मध्यें धर्मच्छळाच्या भयानें भाविकांनीं मंगेशाचें लिंग रातोरात जुवारी नदीपलीकडे नेऊन अंत्रुज महालांत प्रियोळ येथें स्थापिलें, ही हकीकत त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 'ज्या गांवाहून ते हुकूम आले, तें गांव एकदां डोळ्यांनीं पाहावें,' असें सौभाग्यवती अनेक वर्षें म्हणत. आमचें कारण निराळें होतें. लिस्बनपासून जवळच सिंत्रा म्हणून एक डोंगरी गांव आहे. सोमनाथाहून उचलून नेलेली एक संस्कृत शिलाप्रशस्ति त्या गांवीं एका बागेंत लाविली गेली होती, हें आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें, व तेव्हांपासून तें स्थळ पाहण्याची इच्छा मनांत होती.

प्रथम शहराविषयीं. शहराच्या मध्यभागास 'बायशा' म्हणजे सखल भाग असें म्हणतात. येथील रस्ते बुद्धिबळाच्या पटावरील रेघांप्रमाणें एकमेकांस काटकोनांत छेदतात. घरें एका उंचीचीं व एका धाटणीचीं. युरोपांतील जुन्या शहरांत असा सरळपणा क्वचितच आढळतो, आणि येथें तो एका घोर संकटांतून जन्मास आला आहे. ता. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं सकाळीं, सर्व संतांच्या सणानिमित्त शहरांतील चर्चें भाविकांनीं भरलेलीं असतां, भयंकर भूकंप झाला. कोसळत्या घरांपासून दूर, मोकळ्या जागेंत जावें म्हणून लोक नदीच्या धक्क्याकडे धांवले. तों पाणी आधीं मागें हटलें, आणि मग समुद्राच्या लाटांनीं नदीमुखांतून आंत घुसून धक्क्यावरील माणसें ओढून नेलीं. चर्चांतील मेणबत्त्या व घरोघरच्या चुली उलटून जी आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. नदीकांठचा राजवाडा, त्यांतील ग्रंथसंग्रह, चित्रें, सर्व कांहीं नष्ट झालें. मृतांची संख्या कित्येक हजारांच्या घरांत गेली.

या प्रसंगीं राजाचा एक मंत्री, जो पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें जें धैर्य व व्यवस्था दाखविली ती खरोखर वाखाणण्याजोगी आहे. नवीं घरें बांधतांना भिंतींच्या आंत लांकडाची जाळीदार चौकट घालण्याची रीत त्यानें पाडली. या चौकटीस तेथील भाषेंत 'पिंजरा' असेंच म्हणतात. चौकट भूकंपांत टिकेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिच्या नमुन्याभोंवतीं सैनिकांस पाय आपटीत चालविलें, असें सांगतात. याहूनहि आम्हांस महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्यानें देशांतील प्रत्येक धर्मग्रामाकडे प्रश्न लिहून पाठविले: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधीं चढला कीं ओसरला, जमिनीस भेगा पडल्या काय, माणसें किती दगावलीं. हा देवाचा कोप आहे असें सर्वत्र प्रवचन चाललें असतां राजसत्तेनें अशी चौकशी करावी, हा भूकंपशास्त्राचा आरंभच म्हटला पाहिजे. याच पोंबालच्या अमदानींत, १७७४ मध्यें, गोव्यांतील इन्क्विझिशन बंद करण्यांत आलें. तें थोड्याच वर्षांनीं पुन्हां सुरू झालें आणि १८१२ मध्यें कायमचें उठलें. मोठ्या चौकांत त्याचा पुतळा उंच खांबावर उभा आहे. सौभाग्यवतींनीं त्याकडे मान वर करून पाहिलें व म्हणाल्या, "निदान एकाला तरी बुद्धि झाली होती म्हणायची."

बायशाच्या पश्चिमेस चढावर कार्मू नांवाच्या मठाचें चर्च आहे. भूकंपांत त्याचें छप्पर पडलें, तें पुन्हां घातलेंच नाहीं. दगडी कमानी मात्र तशाच उभ्या असून त्यांच्यामधून निळें आकाश दिसतें. वसईच्या किल्ल्यांत पडक्या चर्चांच्या कमानी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस येथें क्षणभर आपण कोणत्या देशांत आहों याचा विसर पडेल. एक वास्तु १७५५ च्या भूकंपानें पडली, आणि दुसरीचें वैभव १७३९ मध्यें चिमाजीअप्पांच्या तरवारीनें संपलें. कारणें भिन्न असलीं तरी दगड सारखेच उघडे पडले आहेत.

पूर्वेकडील टेकडीवर आल्फामा म्हणून जुनी वस्ती आहे. ती खडकावर वसलेली असल्यामुळें भूकंपांतून बरीचशी वांचली. तिचें नांव अरबी आहे. इ. स. ११४७ मध्यें आफोंसु एन्‍रिकिश या राजानें हें शहर मुसलमान सत्तेकडून घेतलें, त्यापूर्वींच्या चार शतकांची ती खूण होय. गल्ल्या इतक्या अरुंद कीं समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन शेजारणींस मिठाची देवघेव करतां यावी. डोक्यावर दोऱ्यांना वाळत घातलेलीं लुगडीं नसून चादरी व सदरे, कठड्यावर कुंड्या, खालीं पायऱ्यांवर मांजर. भिंतींना निळ्यापांढऱ्या रंगांच्या चकचकीत फरशा बसविलेल्या असतात, त्यांस 'आझुलेजु' म्हणतात. पणजीच्या मळा व फोंतैन्यश या भागांतून हिंडलेल्या माणसास ही वस्ती पाहून नवल वाटणार नाहीं. ओळख मात्र पटेल. या चढउतारांवरून पिवळ्या रंगाची एक लहानशी ट्राम धांवते. येथें विजेची ट्राम १९०१ पासून आहे. तिच्या रुळांमधील अंतर अवघें ९०० मिलिमीटर, त्यामुळें जेथें बैलगाडी वळावयाची नाहीं तेथें ती वळते. सौभाग्यवतींचे गुडघे अलीकडे कुरकुरतात; या ट्रामीचे त्यांच्यावर मोठेच उपकार झाले.

आतां भाषेविषयीं चार शब्द लिहितों, कारण आम्हां मास्तरमंडळींस दुसऱ्या कशापेक्षां तोच विषय अधिक गोड. पोर्तुगीज भाषा आम्हांस येत नाहीं. सौभाग्यवतींचे वडील त्या भाषेंत शिकलेले होते, म्हणून त्यांच्या कानावरून कांहीं शब्द गेलेले. पण बाजारांत शिरतांच असें दिसून आलें कीं, यांतले कित्येक शब्द आपल्या स्वयंपाकघरांत जन्मभर आहेत. दुकानदार 'बताता' म्हणाला, तो आपला बटाटा. 'काजु' तो काजू, 'अनानाश' तो अननस, 'कोव' ती कोबी, आणि 'पांव' तो पाव. खोलीची किल्ली देणारी बाई 'शाव्ह' म्हणाली, ती आपली चावी. 'बाल्द' म्हणजे बादली, 'पीपा' म्हणजे पिंप, 'फीता' म्हणजे फीत, 'मेझा' म्हणजे मेज. 'पगार' या शब्दाचा तेथें अर्थ पैसे चुकते करणें, आणि 'लैलांव' म्हणजे लिलांव. आपल्या राजेशाही आंब्याचें 'हापूस' हें नांवदेखील 'आफोंसु' या पोर्तुगीज विशेषनामाचेंच रूप. बटाटा, काजू, अननस, पपई, तंबाखू हीं सर्व अमेरिका खंडांतील; तीं या लोकांच्या गलबतांतून आपल्याकडे आलीं. मिरचीहि त्यांनींच आणली. पण तिला आपण मिऱ्याचें नांव देऊन घरची करून टाकली. ज्या राज्यकर्त्यांस घालविण्यास गोव्यांत ता. १९ डिसेंबर १९६१ चा दिवस उजाडावा लागला, त्यांचे शब्द मात्र कोणीहि घालविले नाहींत. ते चुलीपाशीं सुखानें नांदत आहेत.

शाकाहारी माणसाची या गांवीं उपासमार होईल अशी भीति आम्हांस घालण्यांत आली होती, ती खरी ठरली नाहीं. पाव, चीज, जैतुनाचीं फळें, संत्रीं व भाज्या यांची ददात नाहीं. 'काल्दु वेर्द' म्हणून हिरव्या पानांचें व बटाट्याचें एक सार मिळतें. त्यांत मांसाचा एक काप तरंगत ठेवण्याची चाल असल्यामुळें तो नको असें आधींच सांगावें लागतें. शहराच्या उत्तर भागांत दीव व मोझांबिक येथून आलेल्या गुजराती मंडळींनीं राधाकृष्णाचें मंदिर बांधलें आहे. तेथें एके दुपारीं आम्हांस वरणभात मिळाला. रस्तोरस्तीं मात्र मासळी भाजल्याचा वास दरवळत असतो. आमच्या घरीं आल्यापासून सौभाग्यवतींनीं मत्स्याहार वर्ज्य केला, यास चाळीस वर्षें झालीं. तथापि एका गल्लींतून जातांना त्यांचीं पावलें किंचित मंदावलीं, हें आम्हीं पाहिलें आणि न पाहिल्यासारखें केलें.

शहराच्या पश्चिमेस नदीकांठीं बेलें म्हणून उपनगर आहे. तेथें जातांना नदीवरील तांबडा झुलता पूल दिसतो. १९६६ मध्यें तो उघडला तेव्हां त्यास सालाझार या सर्वाधिकाऱ्याचें नांव होतें, ता. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर त्यास त्या तारखेचें नांव देण्यांत आलें. गोवें भारतांत सामील झाल्याचें पोर्तुगालनें मान्य केलें तेंहि या क्रांतीनंतरच, १९७४ च्या अखेरीस. बेलेंच्या याच कांठावरून ता. ८ जुलै १४९७ रोजीं वास्को द गामा चार गलबतें घेऊन निघाला आणि १४९८ च्या मे महिन्यांत कालिकतास पोंचला. पुढें त्या जागीं मान्वेल राजानें जेरोनिमुश नांवाचा भव्य मठ बांधण्यास आरंभ केला, आणि आफ्रिका व पूर्वेकडील देश यांच्याशीं चालणाऱ्या व्यापारावरील कर त्याच्या खर्चास लावून दिला. तेव्हां यांतले कांहीं दगड तरी मलबारच्या मिऱ्यांनींच उभे केले आहेत असें म्हणण्यास हरकत नाहीं. खांबांवर दोरखंड, पोंवळीं व सागरी वनस्पति कोरल्या आहेत. कारागिरी अशी कीं दगड विणला आहे कीं काय असें वाटावें.

दाराशींच दोन्ही बाजूंस दोन समाधि आहेत. एक वास्को द गामाची, दुसरी कामोंइश या महाकवीची. या कवीनें गोव्यांत कित्येक वर्षें काढलीं आणि गामाच्या सफरीवर रचलेलें त्याचें महाकाव्य १५७२ मध्यें प्रसिद्ध झालें. एका राष्ट्रानें खलाशी आणि कवि यांस समोरासमोर सारख्याच मानानें निजविलें, ही गोष्ट आम्हांस आवडली. गामाच्या समाधीपुढें मात्र मन स्थिर राहीना. नमस्कारास हात उठले नाहींत, आणि पांचशें वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसावर राग धरणें हेंहि शोभेना. हा पुरुष १५२४ च्या डिसेंबरांत कोचीस वारला व तेथेंच पुरला गेला. पुढें १५३९ मध्यें त्याच्या अस्थि पोर्तुगालांत आणल्या गेल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, "यांचीं हाडंसुद्धां यांनीं परत आणलीं. आपल्या देवाला मात्र आपलं गांव परत मिळालं नाहीं." यावर उत्तर देण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें.

जवळच पाण्यांत बेलेंचा बुरूज उभा आहे. तो सोळाव्या शतकाच्या आरंभीं बांधला. त्याच्या एका कोपऱ्यावरील चौकीखालीं झिजलेलें गेंड्याचें शिर कोरलेलें दिसतें. हा गेंडा काल्पनिक नव्हे. तो आपल्या देशचा. गुजराथच्या सुलतान मुजफ्फरानें तो आल्बुकर्कास नजर केला आणि १५१५ च्या मे महिन्यांत तो जिवंत लिस्बनास उतरला. त्याच्या वर्णनावरून ड्यूरर या जर्मन चित्रकारानें काढलेलें चित्र जगप्रसिद्ध आहे. चित्रकारानें गेंडा स्वतः कधींहि पाहिला नव्हता. पुढें राजानें तो पोपकडे पाठविला, पण वाटेंत इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत बुडालें आणि साखळीनें बांधलेला तो बिचारा प्राणी समुद्रांत मेला.

आतां समुद्रकिनाऱ्याकडे वळूं. लिस्बनहून काश्काइश या गांवीं जाणारी आगगाडी हा स्वस्तांतला स्वर्ग आहे. वाट अवघी पाऊण तासाची; डाव्या हातची खिडकी मात्र धरावी. आरंभीं नदी दिसते, पण ती नदी केव्हां संपते व समुद्र केव्हां सुरू होतो हें सांगणें कठीण. मुखाच्या मध्यभागीं वाळूच्या बेटावर वाटोळा किल्ला व त्यावर दीपस्तंभ आहे, तो मागें पडला म्हणजे पाण्याचा रंग पालटतो. मग लहान लहान पुळणी, त्यांमध्यें जुने किल्ले, एस्तोरीलचे बगीचे आणि शेवटीं काश्काइशचें अर्धचंद्राकृति बंदर. कोळ्यांच्या या गांवीं १८७० पासून राजघराणें उन्हाळ्यांत येऊं लागलें, त्यामुळें तें नांवारूपास आलें. विसाव्या शतकांत राज्य गमावलेले अनेक राजे या किनाऱ्यानें आश्रय घेऊन राहिले. इटलीचा शेवटचा राजा उंबेर्तो १९४६ नंतर अनेक वर्षें येथेंच होता. राज्य गेलेल्यांस समुद्र बरा वाटत असावा. तो कोणाचाच नसतो.

गांवाबाहेर पायीं वीस मिनिटांवर खडकांत एक प्रचंड कोनाडा आहे. त्यास 'बोका दु इन्फेर्नु', म्हणजे नरकाचें मुख, असें म्हणतात. लाटा खालच्या कमानींतून आंत शिरतात, गर्जना करतात व फेंस उडवून परततात. भरती जोरांत असेल तर तुषार वरच्या कठड्यापर्यंत येतात. आपल्या कोंकणचा समुद्र पाहिलेल्या माणसास येथील दोन गोष्टी विशेष जाणवतात. पहिली वाऱ्याची. उन्हाळ्यांत येथें उत्तरेकडून सतत वारा वाहतो. तो किनाऱ्याजवळचें वरचें पाणी दूर लोटतो व त्याच्या जागीं खोल समुद्रांतील थंड पाणी वर येतें. म्हणून ऊन कितीहि कडक असलें तरी पाण्यांत पाय घालतांच कळ येते. याच थंड पाण्याबरोबर माशांचें खाद्य वर येतें, आणि त्यावर सार्डिन मासळीचे थवे पोसतात. दुसरी गोष्ट माडांची. एवढा समुद्र आणि एकहि नारळाचें झाड नाहीं, हें सौभाग्यवतींच्या मनास शेवटपर्यंत पटलें नाहीं.

सिंत्रा येथें जाण्याचा दिवस आम्हीं मुद्दाम शेवटचा राखला होता. हा डोंगर समुद्राची वाफ अडवितो, त्यामुळें लिस्बनास लख्ख ऊन असतांहि येथें धुकें असतें. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, भिंतींवर नेचे. राजवाडे पुष्कळ आहेत, त्यांचें वर्णन मार्गदर्शक पुस्तकांत सांपडेल. आमचें लक्ष गांवाबाहेर मोंसेरात्‌च्या रस्त्यावरील 'पेन्या व्हेर्द' या वाडीकडे होतें. ही वाडी झुआंव द काश्त्रु याची. तो १५४५ मध्यें गोव्यास गव्हर्नर म्हणून आला, पुढें व्हाइसरॉय झाला व १५४८ मध्यें गोव्यांतच वारला. दीवचा किल्ला पुन्हां बांधण्यास पैसा नव्हता, तेव्हां त्यानें स्वतःच्या दाढीचे केस गहाण म्हणून गोवेंकर नागरिकांकडे पाठविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तो योद्धा खरा, पण जिज्ञासूहि होता. घारापुरीचीं लेणीं पाहून त्यानें तीं बारकाईनें वर्णिलीं आहेत. त्याच वृत्तीनें त्यानें आपल्या देशांतील कोरीव शिळा या वाडींत नेऊन लाविल्या, असें परंपरा सांगते. त्यांतली मुख्य ती सोमनाथाची. उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा अपरादित्य याच्या काळचा दुसरा एक लेखहि सिंत्रासच गेला.

सोमनाथाची प्रशस्ति ब्यूलर या जर्मन पंडितानें संपादून छापली आहे. ती विक्रम संवत् १३४३ ची, म्हणजे इ. स. १२८७ ची, गुजराथेंत तेव्हां वाघेला सारंगदेव राज्य करीत होता. तिच्यांत त्रिपुरान्तक नांवाच्या एका पाशुपत आचार्याची कथा आहे. तो हिमालयापासून रामेश्वरापर्यंत तीर्थें करीत अखेर प्रभासास आला आणि तेथें त्यानें पांच देवळें बांधलीं. एक मातेच्या नांवें, एक पत्नीच्या नांवें, अशीं त्यांचीं नांवें ठेवलीं आणि नित्यपूजेची तरतूद लावून दिली.

वाडीचें दार बंद होतें. ती खासगी मालमत्ता असून तेथें प्रवाशांस आंत सोडीत नाहींत. भिंत उंच, तिच्यावरून झाडांच्या फांद्या रस्त्यावर वांकलेल्या. रस्ता ओलांडणारी एक कमान. पलीकडे कांहीं दिसत नाहीं. ज्यासाठीं इतके कोस आलों, त्याच्या आणि आमच्यामध्यें हातभर जाडीची भिंत होती. आम्हीं प्रशस्तीची छापील प्रत बरोबर नेली होती. भिंतीलगत एका दगडावर बसून आम्हीं ती आरंभापासून वाचली आणि श्लोकाश्लोकाचा अर्थ सौभाग्यवतींस सांगितला. अर्ध्या तासांत दोनचार मोटारी गेल्या. एका वाटसरूनें थांबून पाहिलें व पुढें गेला. ज्या भिंतीआड ती अक्षरें नेऊन लाविलीं, तिच्याबाहेर तीं उच्चारलीं जात होतीं. शिळा हातीं लागली नाहीं, पण वाणीस कोणी कुलूप घालूं शकत नाहीं, याचा आम्हांस आनंद झाला.

पत्नीच्या नांवें देऊळ बांधल्याचा श्लोक आला तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, "सातशें वर्षांपूर्वींसुद्धां बायकोचं नांव दगडावर कोरणारे होते तर!" आम्हीं पुढचा श्लोक घेतला.

मग परततांना वाटेवर नारोशंकराच्या घंटेची आठवण निघाली. नाशिकास गोदेच्या कांठीं ती घंटा आहे, भीमाशंकरासहि तशीच एक आहे. वसईच्या विजयानंतर फिरंग्यांच्या चर्चांतील घंटा मराठ्यांनीं आणून देवळांत टांगल्या, त्यांतल्या या. आमची शिळा त्यांच्या बागेंत, त्यांची घंटा आमच्या देवळांत. दोन्ही लुटीच्या, हें मान्य केलेंच पाहिजे. भेद इतकाच कीं घंटा देवळांतच टांगली गेली. शिळा मात्र भिंतीआड गेली. कोणतीहि पवित्र वस्तु परक्या घरीं गेलीच तर ती वापरांत राहावी, शोभेची होऊं नये, एवढें मनांत आलें.

त्याच दिवशीं सायंकाळीं भाड्याची मोटार ठरवून आम्हीं काबु दा रोका येथें गेलों. युरोपच्या मुख्य भूमीचें हें पश्चिमेकडील अगदीं शेवटचें टोंक. समुद्रापासून सुमारें १४० मीटर उंच कडा, त्यावर अठराव्या शतकांतील दीपस्तंभ, आणि दगडी चौथऱ्यावर एक क्रूस. चौथऱ्यावर अक्षांश-रेखांश व कामोंइशची एक ओळ कोरली आहे. जमिनीवर मांसल पानांची एक वेल सर्वत्र पसरलेली असून तिला पिवळीं-गुलाबी फुलें येतात. ती वेल मूळची दक्षिण आफ्रिकेची. येथील रानटी झाडांस आतां तिचाच उपद्रव होत आहे. वारा इतका कीं पदर सांवरणें कठीण. कड्याला कठडा आहे, त्याच्या आंतच राहावें. तेथून पडून लोक प्राणांस मुकले आहेत.

सौभाग्यवतींनीं पिशवींतून मंगेशीचा अंगारा काढून आपल्या व आमच्या कपाळीं लाविला. मग बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. शेवटीं म्हणाल्या, "देव नदी ओलांडून गेले आणि तिथंच राहिले. हुकूम करणारे समुद्र ओलांडून आले आणि परत गेले. आतां माझ्या मनांत कांहीं नाहीं." पुढें हंसून त्या म्हणाल्या, "यांचा पाव मात्र चांगला असतो."

वैशाखांत तेथें सूर्य रात्रीं साडेआठनंतर मावळतो. तो पाण्यांत बुडाला तेव्हां आमच्या घड्याळांत, जें आम्हीं घरच्या वेळेवरच ठेवलें होतें, एक वाजून गेला होता. पांच तासांनीं तोच सूर्य प्रियोळच्या माडांवर येणार होता. मोटारवाला हांक मारूं लागला, तेव्हां आम्हीं उभयतां परतलों.